स्वस्ताईचा महिना ओळखा : खान्देशात नवा संसार मांडणाऱ्यांसाठी

मागच्या पावसाळ्यात धुळ्याला आमच्या वरच्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरीला. दिवाळीच्या आधी ती मुलगी किराण्याच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काकू, आम्ही बाहेर खात नाही, उधळपट्टी नाही, तरी वीस तारखेलाच हात आखडता घ्यावा लागतो. चुकतंय कुठं?" आम्ही दोघींनी पावत्या फरशीवर मांडल्या. तूरडाळ अर्धा-अर्धा किलो करून महिन्यात पाच वेळा. गव्हाचं तयार पीठ. ऐन श्रावणात मेथी, सप्टेंबरात कांदा, लाल तिखटाच्या छोट्या पुड्या, आठवड्याला दोन जुड्या कोथिंबीर. एकही वस्तू चैनीची नव्हती. पण जवळजवळ प्रत्येक वस्तू नको त्या महिन्यात आणि नको त्या मापात घेतलेली होती.

त्या दिवशी तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडे प्रत्येक जिनसाचा एक स्वस्ताईचा महिना असतो. तो ओळखायचा, त्या महिन्यात घ्यायचं आणि खान्देशच्या उन्हाच्या जोरावर ते पुढे पुरवायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत राहणाऱ्यांना हे इतरांपेक्षा सोपं आहे, कारण धान्य, डाळ, मिरची, केळी सगळं आपल्या उंबऱ्याशी पिकतं. आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास नेणारं ऊन फुकट मिळतं.

पहिली पायरी : एक महिना फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. एक शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने पाडा : वस्तू, वजन, किलोमागे भाव, आणि फेकलं किती. शेवटचे दोन रकानेच खरे महत्त्वाचे.

किलोमागे भाव का, तर पाकिटं हळूहळू बारीक होत जातात आणि किंमत तीच राहते. आता बहुतेक पाकिटांवर छापील किमतीजवळ ग्रॅममागे किंवा किलोमागे दर लिहिलेला असतो. बारीक अक्षरात असतो, पण असतो. तो वाचायची सवय लावा. तेलाच्या पुड्यात तर हमखास गफलत होते, कारण कुठला पुडा लिटरचा असतो, कुठला किलोचा, कुठला साडेसातशे ग्रॅमचा. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. समजा लिटरचा पुडा १४० रुपयांना आहे आणि किलोचा १५० ला. डोळ्यांना लिटरचा स्वस्त दिसतो. हिशेब केला तर तो किलोला १५४ रुपयांच्या जवळ पडतो.

तेलाच्या बाबतीत आणखी एक समजून घ्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, त्याचे चटके आपल्या कढईपर्यंत पोचले. सप्टेंबर २०२४ मध्ये आयातशुल्क वाढलं तेव्हाही तेच झालं. या भावावर तुमचा-माझा काही इलाज नाही. इलाज आहे तो वापरावर. महिन्याला माणशी किती तेल लागतं ते वहीत लिहा, आणि फोडणीसाठी पळी सोडून चमचा वापरा.

'फेकलं किती' हा रकाना लिहिताना थोडी लाज वाटते, तरी लिहा. त्या मुलीच्या वहीत पहिल्याच महिन्यात सडलेली कोथिंबीर पाच वेळा आली, आणि मोड आलेले बटाटे दोनदा.

रेशनकार्ड असेल तर तेही वहीत धरा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात बसणाऱ्या प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड गावाकडचं असलं तरी शहरातल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. कामानिमित्त शहरात आलेली कितीतरी कुटुंबं हे माहीत नसल्यामुळे हक्काचं धान्य सोडून देतात.

दुसरी पायरी : वर्षाचं गणित पाठ करा

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू, नवा हरभरा आणि दादर येते. दादर म्हणजे तापीकाठच्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी. बरीचशी पावसाळ्यानंतर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकते. भाकरी गोड, आणि दुसऱ्या दिवशीही खाववते. वर्षाचं धान्य भरायचं ते याच दिवसांत. शेतकरी ओळखीचा असेल तर थेट खळ्यावरून घ्या. त्यालाही बाजारभावापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात, आपल्यालाही दुकानापेक्षा स्वस्त पडतं.

तूर निघते डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत. नवी डाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. जळगाव हे डाळमिलींचं शहर. तिथल्या दाणाबाजारात अख्ख्या डाळीशेजारी तुटकी डाळही ठेवलेली असते. वरणाला ती तशीच लागते, शिजतेही लवकर, आणि किलोमागे भाव कमी. पाहुण्यांसाठी अख्खी, घरासाठी तुटकी, असं मी वीस वर्षं करते आहे.

उडीद-मूग सप्टेंबरात बाजारात येतात, पण तेव्हा घाई करू नका. पावसातून निघालेला दाणा ओला असतो. भाव कमी दिसतो, पण पाण्याचं वजन आपण विकत घेतो आणि पुढे बुरशीही येते. दिवाळीनंतर, कोरड्या हवेत घ्या. बाजरी ऑक्टोबरनंतर.

मिरचीसाठी नंदुरबार आणि दोंडाईचा. हिवाळ्यात नंदुरबारला गेलात तर मिरचीच्या पथाऱ्या बघून या. नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि रस्त्यावरूनच नाक झणझणतं. जानेवारी-फेब्रुवारीत अख्खी वाळकी मिरची घ्या. मूठभर उचलून कानाजवळ हलवा. आतलं बी खुळखुळलं तर मिरची कोरडी. नुसती मऊ लागली तर तिच्यात ओल आहे. घरी दोन दिवस कडक उन्हात ठेवून देठ काढा, डंकावरून दळून आणा आणि बरणीत हिंगाचे दोन खडे टाकून ठेवा. चार माणसांच्या घराला वर्षाला दोन-तीन किलो पुरे होते. अख्खी मिरची डोळ्यांदेखत दळली की तिखटात रंग-भुसा मिसळल्याची धास्तीही राहत नाही.

कांद्याचं मात्र नीट ओळखून घ्या, कारण इथे नवखे हमखास फसतात. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आणायचा आणि खायचा. साठवायचा तो एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा. माना वाळून बंद झालेल्या, साल घट्ट, आकार मध्यम. असा कांदा चार-पाच महिने टिकतो. भाव चढतात ते साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे नेमके ते महिने तुमचा साठा तारून नेतो. लसूण मार्चमध्ये घ्या, वेणी घालून टांगा.

वांगी, मेथी, पालक, टोमॅटो, मटार डिसेंबर ते फेब्रुवारी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचं नाव सगळीकडे झालं, पण आपल्याला ते हिवाळ्यात अजूनही घरच्यासारखं मिळतं. थंडीत आठवड्यातून दोनदा भरीत-भाकरी झाली तर भाजीचा खर्च सहज खाली येतो. लिंबू पावसाळ्यात घेऊन लोणचं घाला. उन्हाळ्यात त्याच लिंबाला सोन्याचा भाव येतो.

केळी उत्पादनात रावेर-यावल पट्टा देशभर नाव काढून आहे. तिथे बाजारात बागेच्या प्रकाराप्रमाणे नवती, पीलबाग, कांदेबाग असे भाव निघतात आणि सगळ्यात शेवटी 'वापसी'चा. वापसी म्हणजे व्यापाऱ्याने बाजूला काढलेला माल. आकार बारीक असतो, सालीवर डाग असतात, आत केळं चांगलं असतं. मुलांच्या खाण्याला आणि कच्च्या केळ्याच्या भाजीला तो उत्तम.

तिसरी पायरी : धान्य भरणं

पहिल्याच वर्षी बारा महिन्यांचं भरू नका. चार माणसांना वर्षाला अंदाजे दीड क्विंटल गहू आणि क्विंटलभर ज्वारी-बाजरी लागते. पण तुमच्या घरात पोळी जास्त खपते की भाकरी, हे वहीच सांगेल. पहिल्या वर्षी चार महिन्यांचं घ्या. हात बसला की पुढच्या वर्षी वाढवा.

माझं पहिलं वर्ष सांगते. लग्नानंतर एप्रिलमध्ये मी गच्चीवर दोन पोती गहू दोन दिवस वाळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता पाय भाजत असताना तो तसाच तापलेला उचलला आणि पत्र्याच्या कोठीत भरून झाकण घट्ट लावलं. गरम भरला म्हणजे किडे मरतील असं मला वाटलं. श्रावणात झाकण उघडलं तर आधी कुबट वास आला. हात घातला तर गहू कोमट लागला, दाण्यांची ढेकळं झालेली, आणि वर पांढऱ्या जाळ्यांत टोके वळवळत होते. तापलेल्या धान्यातली वाफ रात्री थंड पत्र्याला लागून पाणी झालं आणि तेच पाणी कडेच्या दाण्यांत मुरलं होतं. सासूबाई एक शब्द रागाने बोलल्या नाहीत. त्यांनी सूप घेतलं आणि माझ्या शेजारी बसून तीन दिवस पाखडलं. तरी वीस-बावीस किलो गहू गेला. अन्न असं हातचं जाणं मला आजही सहन होत नाही, म्हणून पुढचं शांतपणे वाचा.

धान्य आधी चाळा, मग ऊन द्या. स्वच्छ सुती चादरीवर पातळ पसरून दोन दिवस, मध्ये दोनदा हात फिरवत. संध्याकाळी गोळा करून घरात पसरून ठेवा, रात्रभर पूर्ण निवू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा कोरडी असताना भरा. वाळलंय की नाही हे दाताखाली कळतं : दाणा कट्ट वाजून फुटला पाहिजे, दबला नाही पाहिजे. भरवसा नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घाला, चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात अजून ओल आहे. खाली गळून पडलं तर भरायला हरकत नाही.

कोठी रिकामी करून दिवसभर उन्हात तापवा, सांदीकोपऱ्यातला भुसा ब्रशने काढा. जुनं उरलेलं धान्य नव्यात कधीही मिसळू नका, कीड बहुतेक वेळा त्यातूनच येते. सावलीत कडक वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथराने घाला, पण ओला पाला अजिबात नको. कोठी गळ्यापर्यंत भरा, आत हवा जितकी कमी तितका किडा कमी. खाली विटा किंवा फळी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. महिन्याचं धान्य एकदाच काढून डब्यात घ्या, रोज झाकण उघडू नका. पावसाळ्यात उघडीप मिळाली की आत हात घालून बघा. आतून ऊब लागली तर त्याच दिवशी धान्य बाहेर काढून पसरा.

तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल तळहाताने चोळून, तासभर ऊन देऊन, निवल्यावर भरा. करताना दोनदा धुऊन घेतली की वास राहत नाही. रवा-बेसन थोडंच आणा. फ्रीज असेल तर आणल्या आणल्या चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, अंडी असतील ती मरतात. बाहेर काढल्यावर खोलीइतकं कोमट होईपर्यंत पाकीट उघडू नका, नाहीतर आत पाणी सुटतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. धान्याला धुरी देण्याच्या विषारी गोळ्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की जीवघेणा वायू सुटतो आणि झोपलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारचे वापरतात म्हणूनही नको. पाऱ्याच्या टिकड्याही मी वापरत नाही. दोन किलो धान्य किडलं तर किडू दे.

चौथी पायरी : वाळवण

गुढीपाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हे आपल्याकडे वाळवणाचे दिवस. पण भाजी वाळवायची सुरुवात फेब्रुवारीत होते, कारण ऊन तापू लागलेलं असतं आणि भाजी अजून स्वस्त असते. हे दोन्ही एकत्र येतात ते महिना-सव्वा महिनाच.

टोमॅटोपासून सुरुवात करा. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून कुठे कुठे दोनशेपर्यंत गेला, ते सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारीत भाव पडलेला असताना दहा किलो घ्या, पातळ चकत्या करा, मीठ भुरभुरवा, ताटांत किंवा जाळीवर एकेरी मांडा, वरून मलमलचं कापड बांधा. चार-पाच दिवसांत चकत्या कडकडीत होतात. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे दहा किलोचे सहा-सातशे ग्रॅम उरतील. घाबरू नका, त्यातला एक चमचा चुरा आमटीला पुरतो. चकती वाकली तर अजून ऊन द्या, मोडली तर भरा.

मेथी निवडून, धुऊन, पाणी पूर्ण निथळवून सावलीत वाळवा. उन्हात तिचा रंग आणि वास उडतो. कोवळी गवार मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून काढा आणि मग उन्हात टाका. भेंडीचे काप तसेच वाळतात. हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यात खुडून वाळवून ठेवला तर पावसाळ्यात त्याची पातळ भाजी भाकरीबरोबर असं जेवण देते की बाजारात जायची आठवण राहत नाही. कैरीच्या फोडी वाळवून आमचूर घरीच होतो. सातपुड्यातल्या धडगावकडची आदिवासी घरं तो करून विकतात. तो मिळाला तर मुद्दाम घ्या, वास वेगळाच असतो.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, मात्र एकट्याने करायची गोष्ट नाही. ज्वारीचा भरडा दोन-तीन दिवस भिजवून आंबवायचा, मग मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा, आणि तो गरम असतानाच ओल्या सुती कापडावर हाताने पातळ थापायचा. ऊन चढायच्या आत थापून झालं पाहिजे, म्हणून पहाटे पाचलाच चूल पेटते. वाळल्यावर कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, की बिबडा सुटून येतो. नव्या माणसांनी पहिल्या वर्षी गल्लीत ज्यांच्याकडे बिबडे असतील त्यांच्याकडे हाताखाली जावं. कुणी नाही म्हणत नाही, आणि येताना डबा भरूनच येतो.

पाचवी पायरी : ओली भाजी टिकवणं

कांदा आणि बटाटा शेजारी ठेवू नका, दोघंही लवकर खराब होतात. कांदा प्लास्टिकमध्ये कधीच नको. बांबूच्या टोपलीत किंवा जाळीदार पिशवीत, वारा लागेल असा. आठवड्यातून एकदा वरखाली करा आणि एक जरी मऊ लागला तरी तो आधी वापरा.

फ्रीज नसेल किंवा लहान असेल तर दोन मडक्यांची युक्ती करून बघा. मोठ्या माठात वाळूचा थर घालून त्यात लहान मडकं बसवा, मधल्या पोकळीत वाळू भरा, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, आणि लहान मडक्यात भाजी ठेवून वर ओलं कापड टाका. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं मडकं गार राहतं. कोकणात दमट हवेमुळे हे तितकं साधत नाही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र पालेभाजी त्यात दोन-तीन दिवस टवटवीत राहते. पावसाळ्यात मडकं बाजूला ठेवून द्या.

कोथिंबीर आणल्या आणल्या निवडा, धुऊ नका, कोरड्या सुती रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. देठ वरणात जातात.

सहावी पायरी : आठ घमेली

जागा नाही असं सगळे म्हणतात. माझी गच्ची दहा बाय बारा फुटांची आहे. सगळं पिकवायच्या नादी लागू नका. कांदा, बटाटा, कोबी कुंडीत परवडत नाही. जे आपण थोडं थोडं, महाग आणि रोज विकत घेतो, आणि अर्धं सडवतो, ते लावायचं : कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, मेथी, पालक आणि एक गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल.

फुटकी घमेली, वीस लिटरचे कापलेले कॅन, सिमेंटच्या गोण्या काहीही चालेल, बुडाला भोकं हवीत. आपली काळी माती एकटी वापरू नका, ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा. एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग नारळाचा भुसा किंवा कुजलेला पालापाचोळा.

बियाणं स्वयंपाकघरातच आहे. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सकाळी पेरा. आठ-दहा दिवसांत अंकुर, चाळीस दिवसांत कोथिंबीर. मेथीदाणे तसेच पेरा, महिन्याभरात भाजी. पालक मुळासकट उपटू नका, वरून कापा, तीन-चार वेळा फुटतो. यांची वेळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीचा हट्ट धरू नका, इथल्या उन्हात ती उगवतच नाही. उन्हाळ्यात पोकळा, गवार, भेंडी, चवळी टिकतात, तीही हिरव्या जाळीखाली.

गिलकं जूनमध्ये लावा. एक वेल कठड्यावर चढला की दीड-दोन महिन्यांनी फळं सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत घर खाऊन शेजारी देता येतात. नुसती फुलं येऊन गळत असतील तर मधमाश्या कमी पडताहेत. पहाटे नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादीफुलामागे बोटाएवढं बारीक गिलकं असतं, त्यावरून ओळखू येतं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्याला हेच संध्याकाळी करा.

पाण्याचं काय, हा धुळ्या-जळगावात पहिला प्रश्न, कारण नळ रोज येत नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवा, आठ घमेल्यांना ते बहुतेक पुरतं. साबणाचं आणि मिठाचं पाणी नको. मातीवर वाळका पाला किंवा उसाचं चिपाड पसरा, उन्हाळ्यात त्याने पाण्याची एक खेप वाचते. मावा पडला तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थेंबभर साबण घालून संध्याकाळी फवारा.

सातवी पायरी : भाजी नसलेला दिवस

भाजी कडाडते त्या ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्यातले तीन दिवस भाजी आणूच नका. आपल्या खान्देशी स्वयंपाकात त्याची सोय भरपूर आहे. डुबुकवडे, पातोड्या, मुंगवड्यांची भाजी, शेंगोळे, शेवभाजी, यातल्या एकालाही हिरवी भाजी लागत नाही. फुणके तर जरूर शिका : तूरडाळ चार तास भिजवून जाडसर वाटायची, मिरची-लसूण, जिरं, मीठ, असेल तर कांदा घालून लांबट मुटके वळायचे आणि वाफवायचे. बरोबर ताकाची कढी. चार माणसांचं पोटभर जेवण, तेल दोन चमचे.

रोजच्यासाठी कळण्याचं पीठ दळून ठेवा. चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद आणि थोडं मीठ. उडदामुळे ताकद येते, आणि ठेचा, कांदा, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ताट पूर्ण होतं. उरलेल्या भाकरीचा सकाळी कांदा-मिरची घालून कुस्करा.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगते. काळे पडलेले, बुरशी आलेले शेंगदाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही आणि यकृतावर जातं. तळणीचं तेल काळं-फेसाळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा वापरू नका. लहान मुलाचं दूध कमी करू नका. आणि टोपलीत दहा जुड्या घेऊन बसलेल्या मावशीशी दोन रुपयांवरून घासाघीस करू नका. ती पहाटे चारला उठून आलेली असते. भाव कमी हवा असेल तर बाजार उठताना जा आणि शेवटचा वाटा सगळाच्या सगळा उचला. तिचं ओझं हलकं होतं, तुम्हाला स्वस्त पडतं.

सुरुवात कुठून करायची, ते तुम्ही हे कोणत्या महिन्यात वाचताय त्यावर आहे. पावसाळा असेल तर वही घाला आणि गिलकं लावा. दिवाळी उलटली असेल तर उडीद-मूग घ्या आणि मेथी पेरा. जानेवारी असेल तर मिरची. फेब्रुवारी असेल तर पुढच्या रविवारी दहा किलो टोमॅटो. मार्च असेल तर आधी कोठी उन्हात टाका. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलीने यंदा पन्नास किलो दादर भरली. परवा सकाळी सहाला जिन्यात भेटली, हातात मिठाची बाटली होती. म्हणाली, "काकू, बघा ना, मीठ सगळं खाली पडलं. आता भरू?"